लेखावरचं दुसरं नाव

आमच्या दाजींइतका स्वतःच्या कीर्तीवर डोळ्यांत तेल घालून पहारा करणारा आणि तरीही ती हातची घालवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लातूरच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवायचे, मी तिथंच ग्रंथपाल. जगात कुणी आपल्या लेखात दाजींच्या लेखाचा आधार घेतला, की झालं एक सायटेशन! रोज सकाळी ग्रंथालयातल्या माझ्याच कॉम्प्युटरवर बसून ते शोधायचे आणि वहीत उतरवायचे. ब्राझीलच्या एकानं उल्लेख केला तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी तो लेख उघडला, तर त्या बाबानं दाजींची पद्धत सपशेल चुकीची ठरवलेली! "म्हंजे नीट वाचलं तर त्यानं," असं म्हणून दाजींनी त्याला आभाराची मेल धाडली. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. एका क्लासवाल्यानं दाजींना विचारलं, "सर, तुमची किती पोरं मेडिकलला लागली?" "मेडिकलला न्हाई, पण इराणात दोघांनी वाचलंय मला," दाजी ताठ मानेनं म्हणाले. घरी हे कळल्यावर ताईनं कपाळावर हात मारला.

निवृत्तीआधी प्रोफेसर व्हायची ही शेवटची संधी होती, आणि अर्ज विद्यापीठाच्या नांदेडच्या कचेरीत शेवटच्या दिवशी पाचच्या आत पोचायला हवा होता. अर्जासोबतची लेखांची यादी मीच तयार केली. एकट्यानं लिहिलेल्या लेखाला पूर्ण गुण, जोडीला कुणी असला की गुणांची वाटणी. दाजींचा गाजलेला लेख एकच. भूकंपात कोणतं घर पडेल हे सांगणारा प्रोग्राम त्यांनी केला होता, त्यावरचा. त्यावर दुसरं नाव होतं किल्लारीकडच्या एका गवंड्याचं. ना डिग्री, ना दुसरा लेख. तपासणारे यादी बघतात, लेख कोण उघडतंय? मी यादीतून ते नाव गाळलं आणि गप्प बसलो. गुण बरोबर जमले.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं निघालो, तर लोह्याला एसटीचं टायर फुटलं. माझा जीव टांगणीला, आणि हे गृहस्थ शेजारच्या प्रवाशाला सायटेशन मोजून एच-इंडेक्स कसा काढतात ते समजावत बसलेले! जीपमध्ये कोंबून त्यांना नांदेडला आणलं, तेव्हा पाच वाजायला सात मिनिटं होती. खिडकीवरचा कारकून कुलूप हातात घेऊनच बसला होता. दाजींनी सही करायला यादी घेतली आणि थबकले.

"पाव्हणं, हितलं एक नाव राहिलंय."

"राहिलं नाही, मी काढलंय. दाजी, पाया पडतो, करा सही. ताईकडं तरी बघा!"

"अहो, आटपा लवकर," कारकून ओरडला.

दाजी माझ्यावर चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "भूकंपानंतर गावोगाव हिंडलो मी. भिंत कशी पडली ते कुणी धड सांगंना. ह्यो माणूस आपणहून आला. म्हणला, 'सर, ह्या भिंती म्या बांधल्या व्हत्या. आतला दगड बाहेरच्या दगडाला बांधलाच न्हाई. माझी लेक बी त्यातच गेली. समदं लिहा, आन् माझं नाव लावा.' पाव्हणं, आपली चूक आपल्या नावानं छापा म्हणणारा दुसरा माणूस दाखवा मला."

दाजींनी माझ्याच खिशातलं पेन काढून ते नाव लिहिलं, सावकाश, वळणदार अक्षरात, आणि मग खाली सही केली. कारकुनानं अर्ज ओढून घेतला आणि खिडकी लावली.

गुणांची वाटणी झाली आणि बढती गेली. दाजी होते त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. ताई अजून हळहळते, आणि खोटं कशाला बोलू, मीही हळहळतो. पण ग्रंथालयात कुणी संशोधन करायचंय म्हणून आलं, की मी दाजींचा तोच लेख काढून त्याच्यापुढं ठेवतो आणि आधी दुसरं नाव वाचायला सांगतो.