समोरच्या काकांची खिडकी

रांगेत उभं राहणं हे सुख मानणारा माणूस अख्ख्या लखनौत एकच आहे, आणि तो इंदिरा नगरात आमच्या दारासमोर राहतो. कॉलनीतले सगळे मराठी लोक त्यांना समोरचे काकाच म्हणतात, ज्यांची घरं त्यांच्या समोर नाहीत तेसुद्धा. मूळचे साताऱ्याचे, रेल्वेत सिग्नलच्या खात्यात इंजिनियर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं; एक स्वतःसाठी आणि एक रांगेत मागायला येणाऱ्यासाठी. काकू म्हणतात, "यांना रांग दिसली की पाय थांबतात. पुढे काय मिळतंय ते नंतर विचारतात." यात काकूंनी पदरचं काही घातलेलं नाही. एकदा चौकात काकू चिकनकारीचे कुर्ते बघत होत्या, तेवढ्यात काका बाहेर एका रांगेत लागले. पुढच्याची मुलगी कानपूरला दिली आहे, मागच्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय, इथपर्यंत माहिती जमली तोवर नंबर आला, आणि तेव्हा कळलं की रांग निहारीची, म्हणजे मटणाच्या रश्श्याची आहे. काका जन्माचे शाकाहारी. पण आलेला नंबर सोडून देणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी नुसते दोन कुलचे घेतले, दुकानदाराला "बहुत शुक्रिया" म्हणाले आणि घरी येऊन ते चहात बुडवून खाल्ले.

यंत्रांनाही ते माणसांसारखंच वागवतात, आणि यंत्रं उलट तसं वागत नाहीत म्हणून मनातून दुखावतात. गॅसवाल्यांच्या नंबरवर फोन लावला की ती रेकॉर्ड केलेली बाई बोलू लागते. काका तिचं बोलणं पूर्ण होऊ देतात, "जी, नमस्ते" म्हणतात आणि आपली तक्रार अगदी मुळापासून सांगायला घेतात. बाईने मधेच पुन्हा "दो दबाइए" म्हटलं की फोनवर हात ठेवून काकूंना हळूच सांगतात, "बिचारीला दुसरं काही बोलायची परवानगी नसावी." मेट्रोत तिकिटाचं मशीन रिकामं उभं असलं तरी ते काउंटरवर जातात आणि आतल्या मुलीला तिचं गाव विचारतात. मागचे लोक कुरकुरतात. काका वळून म्हणतात, "आप भी बताइए न, कहाँ के हैं?" आणि मागचा कुरकुरणारा, मला अजून नवल वाटतं, खरोखर सांगतो.

पण काकांचं खरं राज्य होतं ते निशातगंजच्या बाजूच्या एका लहानशा आरक्षण केंद्रावर. तिथे खिडकी एकच होती आणि खिडकीत तिवारीजी होते. मे महिन्यात गावी जाणाऱ्या मराठी कुटुंबांची तिकिटं वर्षानुवर्षं काकाच काढत. बँकेतले, रेल्वेतले, सरकारी कार्यालयातले, सगळे आपापले फॉर्म भरून त्यांच्याकडे आणून टाकायचे. नागपूरकरांची गाडी वेगळी, म्हणून त्यांच्याविषयी काका जरा हळहळून बोलत. पुण्याच्या गाडीवाल्यांचे फॉर्म मात्र आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडले जात. फॉर्म पाठोपाठ सरकवले की जागा बहुधा शेजारी-शेजारी पडतात, ही काकांची विद्या. म्हणजे फॉर्मांचा क्रम हीच बसण्याची व्यवस्था. कुणाचं कुणाशी बोलणं नाही, कुणाचा मुलगा लग्नाचा आहे, कुणाची मुलगी आहे, कोणत्या वहिनी पुरणपोळ्या आणतात आणि कोणत्या नुसत्या खातात, हे सगळं ध्यानात घेऊन ते क्रम लावायचे. त्या टेबलावर दोन लग्नं ठरली आहेत, असं काकू सांगतात. एक चांगलं चाललंय. दुसऱ्याबद्दल काका म्हणतात, "तिथे मधे एक बर्थ कुणा तिऱ्हाइताला गेला होता."

मी लखनौला बदलून आलो तेव्हा काका पहिल्याच आठवड्यात कोरा फॉर्म घेऊन दारात उभे राहिले. मी म्हणालो, "काका, मी मोबाईलवर काढतो." ते जरा हसले आणि फॉर्म घडी करून परत खिशात ठेवला. मला रांगेचं अजिबात प्रेम नाही आणि ते सांगायला मला लाजही वाटत नाही. माझे वडील बार्शीच्या बाजार समितीत हमाल होते. रॉकेलची रांग, रेशनची रांग, सरकारी दवाखान्याची रांग, माझ्या शिष्यवृत्तीच्या दाखल्याची रांग. आबांचं निम्मं आयुष्य कुणाच्या तरी पाठीकडे बघण्यात गेलं. खिडकीपाशी पोचल्यावर आतला माणूस त्यांना अरे-तुरे करायचा. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी. आज मी बँकेत आहे आणि माझं कामच हे आहे की लोकांनी बँकेत येऊ नये. मोबाईलवर व्यवहार कसे करायचे ते मी ग्राहकांना शिकवतो. मोबाईल अरे-तुरे करत नाही, ही माझ्या लेखी साधी गोष्ट नाही.

यावरून आमचे वाद व्हायचे, गॅलरीतून गॅलरीत. काकांनी एकदा विचारलं, "तुमच्या शाखेत काउंटर किती होते रे?"

"पाच होते. आता दोन."

"मग उरलेले तिघे काय करतात?"

"एक निवृत्त झाला. दोघांची बदली झाली."

"आणि त्यांच्या जागी जी मुलं लागायची होती ती?"

"ती कुठेतरी लागतील की, काका."

"कुठे? तुझ्या घरी पिशवी घेऊन येतो तो पोरगा बी. कॉम. आहे. मी विचारलं त्याला."

मी म्हणालो, "मग काय, खिडकीबाहेरच्या चहावाल्याचं दुकान चालावं म्हणून माणसांनी उन्हात उभं राहायचं? आणि काका, आयुष्यभर रेल्वेत यंत्रं तर तुम्हीच बसवलीत."

"म्हणून तर सांगतोय," काका म्हणाले. मग त्यांनी सांगितलं ते एका केबिनवाल्याचं. पूर्वी सिग्नल हलवायला केबिनमध्ये मोठमोठे दांडे ओढावे लागत. काकांनी तिथे बटणांचं पॅनेल बसवलं, मोठे साहेब आले, नारळ फुटला, पेढे वाटले. सगळे गेल्यावर केबिनवाला काकांजवळ आला आणि अदबीने म्हणाला, "साहब, अब मैं क्या खींचूँगा?" काका म्हणाले, "मी त्याला पेढा दिला. दुसरं काही सुचलंच नाही."

मागच्या वर्षी केंद्राच्या दारावर सूचना लागली की गर्दी नसल्यामुळे खिडकी बंद करण्याचा विचार आहे. काकांनी शांतपणे चपला घातल्या आणि ते घरोघर फिरले. या मेची तिकिटं फक्त खिडकीवर काढा, एवढंच त्यांचं मागणं. "खिडकीच्या आत एक माणूस दिसतो," ते सगळ्यांना सांगत, "पण खिडकीच्या बाहेर चार जण जेवतात. चहावाला, सायकल स्टँडवाला, फॉर्म भरून देणारे मौलवीसाहेब, पेरूवाली." लोकांनी त्यांना चहा पाजला, "हो काका, नक्की काका" म्हटलं, आणि आरक्षण उघडलं त्या सकाळी अंथरुणातच मोबाईलवर तिकिटं काढली. मीही काढली. बँकेत जाताना मी रिक्षातून पाहिलं, खिडकीसमोर काका एकटेच उभे होते. पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं, तरीही ते सवयीने खिडकीपासून एका माणसाची जागा सोडून उभे होते.

खिडकी बंद झाली. तिवारीजींची बदली गोंड्याला झाली. चहावाला आता संध्याकाळी घरोघर सामान पोचवतो. एकदा आमच्याकडेच आला, तेव्हा काकांनी त्याला बसवून चहा पाजला आणि त्याला पुढच्या ठिकाणी उशीर झाला. मे महिन्यात आम्ही पुण्याच्या गाडीत बसलो. बार्शीकडे जायला दौंडला उतरलो तर फलाटावर आमच्या कॉलनीतली आणखी तीन कुटुंबं, प्रत्येक वेगळ्या डब्यातून उतरलेली. अख्खा प्रवास एका गाडीत होतो आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही. एका वहिनींनी डबा उघडून दाखवला. पुरणपोळ्या तशाच होत्या. सगळे हसलो, मग आपापल्या बॅगा उचलून निघालो.

त्यानंतर काका जरा गप्प झाले. गॅलरीत बसत, पण वाद घालत नसत. मी मुद्दाम काही बोललो तर "अच्छा" म्हणत. काकूंचा टोमणाही मऊ झाला: "आता रांग दिसली तरी पाय थांबत नाहीत यांचे."

यंदा आबा आमच्याकडे महिनाभर राहायला आले. त्यांना हिंदी येत नाही, आणि आमच्या घरी त्यांना कामही उरलेलं नाही. दूध दारात येतं, भाजी दारात येते, पीठ दारात येतं. ते माझ्या बायकोला रोज विचारत, "सूनबाई, काही आणायचंय का?" आणि ती म्हणे, "तुम्ही बसा हो आबा, मागवलंय." एक दिवस फाटकाशी पिठाची गोणी घेऊन आलेल्या माणसाकडून आबांनी ती काढून घेतली आणि या वयात पाठीवरून दुसऱ्या मजल्यावर आणली. मी रागावलो. ते म्हणाले, "ओझं बघून बरं वाटलं रे."

आमच्या पुढच्या खोलीची खिडकी जिन्याच्या वाटेवर उघडते. एका रविवारी सकाळी मी तिथे बसलो होतो, तर गजांतून एक कागद आत आला. आरक्षणाचा कोरा फॉर्म, म्हणजे एकेकाळचा कोरा. त्यावर काकांच्या सुवाच्य अक्षरात त्यांचं नाव, वय, गाडी. बाहेर इस्त्रीच्या शर्टात काका.

"काका, आत या ना. मी काढून देतो."

"खिडकी चालू आहे ना?" ते म्हणाले. "मग इथेच बरा आहे."

त्यांचा पुण्यातला मुलगा त्यांना मोबाईलवर तिकीट पाठवतो म्हणाला होता. काकांनी त्याला नाही सांगितलं होतं. मी खुर्ची पुढे ओढली, मोबाईल घेतला, आणि पाहतो तर काकांच्या मागे आबा येऊन उभे. हात मागे बांधलेले, नजर सरळ, जशी मी लहानपणापासून पाहत आलो.

"आबा, तुमचं तिकीट मी काढणारच आहे. तुम्ही कशाला उभे राहता? आत या."

"येतो," आबा म्हणाले. "नंबर आला की."

काका मागे वळले. "बार्शीचे ना तुम्ही? ज्वारी काय म्हणतेय यंदा?" आबांचा चेहरा उजळला. महिनाभरात त्यांना कुणी ज्वारीबद्दल विचारलं नव्हतं. ते बोलायला लागले. काकांनी खिशातून दुसरा फॉर्म आणि दुसरं पेन काढलं, आबांना विचारत विचारत फॉर्म भरला, आणि गजांतून माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "माझ्या पाठोपाठ लाव. शेजारी पडू दे."

मोबाईलवर दोन्ही नावं एकाच तिकिटावर घातली की बहुधा जागा जवळजवळच पडतात. फॉर्म लागत नाही, क्रम लागत नाही, मिनिटभराचं काम. हे मी ग्राहकांना रोज शिकवतो. बाहेर बोलणं ज्वारीवरून हमालीवर, हमालीवरून केबिनच्या दांड्यांवर गेलं होतं. आबा हाताने दाखवत होते की पोतं कसं उचलायचं, आणि काका दाखवत होते की दांडा कसा ओढतात.

मी दोन्ही नावं सावकाश टाइप केली.