मुखेडच्या वाटेवर बसलेला क्लच

लातूर ते मुखेड हा रस्ता कुणी हौसेनं फिरायला जात नाही. आम्हीही तसे गेलो नव्हतो. सकाळी मेहुण्याचा फोन आला, नाना गेले. नाना म्हणजे माझे सासरे. "माती चारला हाय दाजी. ताईला घेऊन या," एवढंच तो बोलला. रेखानं पाणीही न पिता पायात चप्पल घातली.

चाकूरपर्यंत रस्ता चांगला आहे. शिरूर ताजबंदला उजवीकडे मुखेडचा रस्ता फुटतो. तिथल्याच गतिरोधकावर क्लचचं पेडल तळाला गेलं, ते वर आलंच नाही. बॉनेट उघडलं तर क्लचच्या ऑइलची डबी जवळजवळ रिकामी आणि गिअरबॉक्सवरचा छोटा सिलिंडर ओला. मुखेडची एसटी नुकतीच गेली होती.

पंक्चरवाल्याकडे ब्रेक ऑइलची बाटली मिळाली, क्लचलाही तेच लागतं. अशा वेळी डबीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल घालायचं, इंजिनचं चालत नाही. पण नुसतं ओतून भागत नाही. नळीत हवा शिरलेली असते आणि ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं सिलिंडरचा स्क्रू सैल करून हवा सोडायची, परत आवळायचा, मगच पाय उचलायचा. पाय आधी उचलला की हवा पुन्हा आत.

रेखाला हे सांगायला माझी जीभ रेटेना. ती आपणहून स्टिअरिंगमागे येऊन बसली.

"दाब," मी म्हणायचो. "धर. आता सोड."

तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण पाय एकदाही चुकला नाही. बुडबुडे थांबले. पेडल अर्धवट का होईना, वर आलं.

जांबच्या अलीकडे मेहुण्याचा पुन्हा फोन. "लोकं उचला म्हणून राहिलेत. लई वेळ धरवंना आता."

"उचला तुमी," रेखा म्हणाली. "आलेच मी."

गावात शिरलो तेव्हा अंगण रिकामं होतं. पुढे मसणवाटेवर तिरडी विसाव्याला टेकवलेली दिसली. अर्ध्या वाटेवरच्या या जागी खांदेकरी बदलतात, तिथे क्षणभरच थांबायचं असतं. दोन म्हातारे चिडून बोलत होते आणि मेहुणा तिरडीपुढे हात आडवे धरून उभा होता. "ताई येऊ द्या. मग चला."

रेखा पळत गेली. नानांच्या तोंडावरचं फडकं सारून तिनं त्यांच्या गालाला हात लावला. मलाही रडू आवरलं नाही.

मुखेडच्या गॅरेजात सिलिंडर बदलून, दिवसकार्य उरकून आम्ही लातूरला परतलो. लांब निघणार असाल तर पेडल मऊ लागताच डबीत डोकावा. ऑइल झपाट्यानं उतरलं असेल, तर ते कुठेतरी गळत असतं.

आता कुणी भेटायला आलं की रेखा सांगते, नाना माझ्यासाठी विसाव्याला थांबले होते. भावानं अडवलं होतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. हल्ली मीही तसंच सांगतो.