पंधराची खोटी टेकडी

माझ्या थोरल्या भावाला कारखान्यात सगळे कानसेन म्हणतात. आधी कौतुकाने म्हणायचे. मग एक नवा इंजिनीअर आला आणि तेच नाव नाक मुरडून घ्यायला लागला. तेव्हापासून ते कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दादा फिटर आहे. पुठ्ठ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं झाली. ओला पुठ्ठा वाळवायला गरम हवा लागते. ती फेकणारे दोन धिप्पाड ब्लोअर आहेत आणि ते दादाच्या ताब्यात. त्याची तपासायची रीत साधी. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. दोन मिनिटांनी सांगायचं, याला ग्रीस हवंय, याचा पट्टा सैल आहे, हे आठवडाभर टिकेल. घरीही तेच. मला बघायला आलेला मुलगा मोटरसायकलवरून फाटकाशी थांबला, तेव्हा दादा आतूनच म्हणाला, "साखळीला वेळच्या वेळी तेल देतो. माणूस बरा असणार." त्या माणसाबरोबर सव्वीस वर्षं झाली. बराच आहे.

मी शाळेत गणित शिकवते. घरात मी हुशार आणि तो कामाचा, अशी वाटणी आईने लहानपणीच करून टाकली होती. तो मला तिखटे म्हणतो. खोटं कशाला बोलू, आहेच मी तिखट.

तर त्या इंजिनीअरने दोन्ही ब्लोअरना एकेक डबी चिकटवली. डबी थरथर मोजते आणि त्याचं चित्र टॅबलेटवर पाठवते. आडव्या रेषेवर सेकंदाला किती कंपनं ते आकडे आणि ज्या आकड्याला जोर जास्त तिथे टेकडी. आता कान लावायची गरज नाही, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. दादाचा स्क्रू ड्रायव्हर मात्र रोज खिशात असायचाच.

एका गुरुवारी त्याने लॉगबुकात लिहिलं, "दोन नंबर, पंख्याकडचं बेअरिंग बारीक शीळ घालतंय. आठ दिवसांत बदलावं." शनिवारी इंजिनीअरने त्याला बोलावून टॅबलेट नाकासमोर धरला. पडद्यावर शीळबिळ काही नव्हती. एकच टेकडी, पंधराच्या आकड्यावर. ब्लोअरचा पट्टा सेकंदाला साधारण पंधरा फेरे मारतो. झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला. "पट्टा सैल आहे, आवळा. आणि कानसेन, येताना कान साफ करून येत जा." सगळे हसले. म्हणे हसणं आवरलं नाही कुणाला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दादा माझ्याकडे आला होता. मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. त्याने विचारलं, "तू गणितवाली. यंत्र चुकतं का गं?" मी मान वर न करता म्हटलं, "यंत्र कशाला चुकेल दादा? आकडे आहेत ते. वय झालं आपलं, एकदा कान दाखवून घे." चहा घेऊन तो गेला. मी पुढचा गठ्ठा ओढला.

मंगळवारी इंजिनीअरच्या हुकमाने पट्टा आवळला गेला. बेअरिंग आधीच खराब, त्यावर पट्ट्याची ओढ वाढवायची म्हणजे दुखऱ्या पायावर पोतं ठेवायचं. गुरुवारी सकाळी बेअरिंग जाम झालं, पट्टा तुटला, वरची जाळी फाटून बाहेर आली. ऑइलमन शेजारीच तेलाची झारी घेऊन उभा होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आणि आरोपपत्र कुणाला मिळालं? दादाला! कारण लॉगबुकातल्या त्याच्या नोंदीवर रेघ होती. "धोक्याची जाणीव असूनही फिटरने नोंद स्वतः खोडली." म्हणजे नोकरी तर जाणारच, वर त्या दोन बोटांचा डाग कायमचा याच्या माथ्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मी धावत गेले त्याच्या घरी. तो खिडकीशी बसला होता. वहिनी म्हणाल्या, "आठ दिवस झाले, कशालाच कान लावत नाहीत. कुकरची शिट्टी झाली तरी मला विचारतात, झाली का?"

"दादा, रेघ तू मारलीस?"

"मीच मारली."

"त्या टॅबलेटवाल्याने मारायला लावली ना?"

"माझे कान गेलेत, तिखटे. चूक माझी आहे."

बस! तो परत खिडकीबाहेर बघायला लागला. मी इतकी चिडले की वहिनींनी ठेवलेलं पाणीही प्यायले नाही. त्याच्यावर चिडले, इंजिनीअरवर चिडले, हसणाऱ्या सगळ्या बत्तिशांवर चिडले. आरोपपत्र आणि त्याला जोडलेले कागद पिशवीत कोंबले आणि घरी आणले. त्यात डबीचं माहितीपत्रक होतं आणि तिच्या सेटिंगचा, इंजिनीअरच्या सहीचा कागद होता. लॉगबुकाच्या पानाची झेरॉक्सही होती, तीसुद्धा धड काढलेली नाही, कड कापली गेलेली.

माहितीपत्रकात लिहिलं होतं की टेकड्या डिस्क्रीट फूरिए ट्रान्सफॉर्मने काढल्या जातात. नाव वाचून घाम फुटावा असंच. पण एकोणतीस वर्षं साइन-कोसाइन शिकवतेय मी, नावाला घाबरत नाही. कॉलेजच्या वाचनालयातून पुस्तक आणलं. चार दिवस डोकं आपटलं. पाचव्या दिवशी समजलं आणि मग आणखीच राग आला, कारण गोष्ट आठवीच्या मुलीला सांगता येईल इतकी सोपी होती.

दुपारी दादासमोर जाऊन बसले. जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर आठ आकडे लिहिले. शून्य, पॉइंट सात, एक, पॉइंट सात, शून्य, उणे पॉइंट सात, उणे एक, उणे पॉइंट सात.

"ही एक लाट. आठ वेळा मोजली, तेवढ्यात तिचा एक फेरा झाला. आता मला कळत नाही असं समज की आत काय आहे. मी काय करते, माझ्याकडची एक फेऱ्याची लाट घेते, आकड्याखाली आकडा मांडून गुणते आणि बेरीज करते. बघ. शून्य, अर्धा, एक, अर्धा, शून्य, अर्धा, एक, अर्धा. किती?"

"चार," दादा म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याने मान वर केली.

"आता दोन फेऱ्यांची लाट घेऊन गुणते. तिचे आकडे शून्य, एक, शून्य, उणे एक, परत तसंच. बेरीज?"

त्याने बोटाने एकेक ओळ धरली. "हे याला खाऊन टाकतं. शून्य."

"शून्य! म्हणजे आत जी लाट आहे तिलाच बेरीज फुगते. जी नाही तिच्या अधिक-उण्याची फिट्टंफाट. लाट थोडी उशिरा सुरू झाली असेल तर निसटू नये म्हणून साइन आणि कोसाइन दोन्ही लावून बघायचं. प्रत्येक फेऱ्यासाठी असं करत जायचं आणि बेरजेएवढी टेकडी काढायची. संपलं ट्रान्सफॉर्म!"

दादाने कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "मी हेच करतो की गं. पट्ट्याचा आवाज मनात धरतो आणि आत तो सापडतो का बघतो. नाही सापडला की बेअरिंगचा धरतो."

मला रडूच यायला लागलं होतं, पण रागात रडायला वेळ नव्हता. "आता खरी मेख ऐक. त्याच आठ मोजण्यांत लाटेचे सात फेरे झाले तर?" मी साइनचं कोष्टक बघून आकडे मांडले. शून्य, उणे पॉइंट सात, उणे एक... तेच आकडे, फक्त अधिकाचे उणे झालेले. "सात फेऱ्यांची लाट एक फेऱ्याच्या कपड्यात येऊन बसली. टेकडी दोघींची एकाच जागी. आठ मोजण्यांत चार फेऱ्यांपर्यंतच विश्वास ठेवायचा, त्यापुढे सगळे सोंगाडे."

"ट्यूबलाइटखाली पंखा उलटा फिरताना दिसतो, तसं," दादा म्हणाला.

"तस्संच! आणि तुझ्या साहेबाने डबीला सेकंदाला हजारच मोजण्या घ्यायला लावल्या. आठ हजार घेऊ शकते ती! फाइल मोठी होते म्हणून कमी केल्या, हे त्याच्याच सहीने लिहिलंय. पाचशेच्या वरचं काही आत येऊ नये म्हणून गाळणी लावायची असते, ती लावलीच नाही. आता शीळ घाल."

"काय?"

"बेअरिंग घालत होतं तशी शीळ घाल!"

त्याने ओठ चाटले, डोळे मिटले आणि शीळ घातली. मी मोबाइल समोर धरला होता. सूर मोजणारं अ‍ॅप म्हणालं, नऊशे पंच्याऐंशी. परत घातली. परत तेच, एखाददुसरा इकडेतिकडे. हजारातून नऊशे पंच्याऐंशी गेले, राहिले किती? पंधरा. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या, कारण मी टेबलावर मूठ आपटून ओरडले होते.

चौकशीला आरोपीला एक मदतनीस नेता येतो. मी गेले. लांबट खोली, हिरवट टेबल, मुख्य कचेरीतून आलेले चौकशी अधिकारी, समोर इंजिनीअर. मी बोलायला लागले तसा तो हसून म्हणाला, "मॅडम शाळेत शिकवतात, ना?"

"हो. आणि नापासही करते," मी म्हटलं. "डबी आणा."

डबी आली. सेटिंग होतं तसंच, हजाराचं. मी माझा मोबाइल डबीवर दाबून धरला आणि नऊशे साठचा सूर लावला. खोलीभर चिरका आवाज झाला. टॅबलेटवर टेकडी आली, चाळीसवर. अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. मी सूर चढवत नेला, नऊशे सत्तर, नऊशे ऐंशी. सूर वर चाललाय आणि टेकडी खाली घसरतेय, तीस, वीस. नऊशे पंच्याऐंशीला थांबले. टेकडी पंधरावर येऊन उभी राहिली.

"हा पट्टा आहे का, साहेब?" मी विचारलं. "माझ्या मोबाइलला पट्टा आहे का?"

मग मी मोजण्या आठ हजारांवर नेल्या आणि तोच सूर लावला. पंधरावर सपाट मैदान आणि टेकडी नऊशे पंच्याऐंशीवर, तिच्या स्वतःच्या घरात. मी टॅबलेट इंजिनीअरच्या नाकासमोर धरला. "चौतीस वर्षं या माणसाने ऐकलं ते खरं होतं. तुम्ही त्याला कान साफ करायला सांगितलेत. बेअरिंग ओरडून सांगत होतं आणि तुम्ही त्यावर पट्टा आवळलात. आणि शनिवारी हसून हसून याला नोंद खोडायला लावलीत!"

"मी खोडायला लावली नाही," इंजिनीअर पहिल्यांदाच खालच्या आवाजात म्हणाला. "मी फक्त चित्र दाखवलं. नोंद शनिवारी होती तशीच होती."

"खोटं!"

अधिकाऱ्यांनी मूळ लॉगबुक मागवलं. त्या कारखान्याचा नियम आहे, खोडायचं तर एकच रेघ मारायची आणि कडेला सही आणि तारीख टाकायची. झेरॉक्समध्ये तीच कड कापली गेली होती. त्यांनी पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. दादाची सरळ रेघ, दादाची सही. खाली तारीख, सोमवारची.

शनिवारची नाही. सोमवारची.

अधिकाऱ्यांनी दादाला विचारलं, "सोमवारी का खोडली?" तो म्हणाला, "मला वाटलं, माझे कान गेले." एवढंच. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

निकाल तिथेच तोंडी सांगितला. फिटर निर्दोष, डबीचं सेटिंग चुकीचं, इंजिनीअरवर कारवाई होईल. लोक दादाच्या पाठीवर थापा मारत होते. मी जिन्यात त्याला गाठलं.

"सोमवारी का रे?"

"जाऊ दे गं."

"दादा!"

तो कठडा धरून उभा राहिला. "असले हसणारे साहेब चौतीस वर्षांत कितीतरी पाहिले. त्यांच्या हसण्यावर मी कशाला रेघ मारीन? पण तू म्हणालीस, यंत्र कशाला चुकेल, आकडे आहेत ते. तू गणितवाली."

"मग आत सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? बहिणीवर ढकलू?"

त्याला तिथून थेट ऑइलमनकडे जायचं होतं, निकाल सांगायला. मी मागोमाग गेले. ऑइलमन खाटेवर बसला होता, उजवा हात पांढऱ्या पट्टीत, डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायची खटपट चाललेली. दादाने पुढे होऊन बटण लावून दिलं आणि सगळं सांगितलं, हजार मोजण्या, पंधराची टेकडी, माझा मोबाइल. ऑइलमन नीट ऐकत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे ताई, शेवटी चूक कुणाची निघाली?"

"डबीची," दादा घाईघाईने म्हणाला. "डबीची आणि त्या साहेबाची."

तो मला वाचवत होता. तिथेसुद्धा! मला त्याचा इतका राग आला, आणि त्याहून जास्त त्या बाईचा, जिने पेपरांतून मान वर केली नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला, ती मीच.

"रविवारी यांनी मला विचारलं होतं," मी ऑइलमनला म्हटलं. "मी न बघता उत्तर दिलं. त्या उत्तरावर यांनी रेघ मारली."

ऑइलमनने त्या पट्टीतल्या हाताकडे पाहिलं आणि तो दुसऱ्या हाताने हळूच मांडीवर ओढून घेतला.