व्हरांड्यातली मराठी उपासना

माझी आत्या, सुशीलाबाई रणपिसे, छत्तीस वर्षं नर्स होती. डॉक्टरांच्या चुका ती त्यांच्या तोंडावर सांगायची, त्यामुळे तिला बढती उशिरा मिळाली. निवृत्तीनंतर ती विश्रांतवाडीत एकटी राहते.

गेल्या वर्षी ती पहिल्यांदाच परदेशी गेली. तिच्या हाताखाली शिकलेली पूर्णिमा आणि तिचा नवरा सुदर्शन उत्तर थायलंडमध्ये मिशनरी आहेत. डोंगरातल्या लाहू लोकांच्या गावात ते दवाखाना चालवतात. पूर्णिमाने बरीच वर्षं आग्रह केला, तेव्हा कुठे आत्या शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन निघाली.

रविवारी ते तिला गावातल्या चर्चमध्ये घेऊन गेले. उपासना लाहू भाषेत होती. आत्याला एक शब्द कळेना, गाण्यांच्या चालीही अनोळखी. पूर्णिमा कानाशी लागून मराठीत सांगू लागली, तेव्हा आत्याने तिचा हात दाबून तिला गप्प केलं. त्यांचं त्यांना बोलू दे, म्हणाली. दोन तास ती तशीच मांडी घालून ऐकत राहिली.

शेवटी पाहुण्यांनी दोन शब्द बोलायचे होते. इंग्रजीत बोला, मी भाषांतर करतो, असं सुदर्शनने सांगून ठेवलं होतं. आत्या उठली आणि सरळ मराठीत प्रार्थना करू लागली. सुदर्शन तोंड उघडणार, तर तिने मानेनेच नको म्हटलं. प्रार्थना संपली तेव्हा सगळ्या गावाने आमेन म्हटलं.

जेवताना शेजारी एक म्हातारी बसली होती. पूर्णिमाच्या मध्यस्थीने दोघींचं बोलणं झालं. पोरं शाळेत थाईच बोलतात, म्हातारी सांगत होती. खालच्या शहरातलं मोठं थाई चर्च दर रविवारी गाडी पाठवायला तयार होतं, पण गाव गेलं नाही. का, असं आत्याने विचारलं.

"तिकडे आम्ही पाहुणे असतो," म्हातारी म्हणाली.

इकडे पुण्यात, आत्या नसताना, आमच्या चर्चच्या कमिटीने नऊची मराठी उपासना बंद करून ती वेळ इंग्रजी उपासनेला दिली. मराठीला अठराच माणसं येत होती. मी कमिटीत होते. हात मीही वर केला होता.

परत आल्यावर आत्याने बैठकीची वेळ मागून घेतली. आमचे सेक्रेटरी मच्छिंद्र शिरसाठ नम्र माणूस. ते समजावू लागले की सगळ्यांना इंग्रजी कळतंच, मग दोन उपासना कशाला.

"मलाही कळतं," आत्या म्हणाली. "पण मी देवाशी कुठल्या भाषेत बोलायचं, हे ठरवायला मी कमिटी निवडून दिलेली नाही."

शिरसाठांनी सकाळी सहाची वेळ देऊ केली. सहाला आपण स्वतः येणार का, असं तिने विचारलं. त्यांनी पुढचा विषय घेतला.

पुढच्या रविवारी नऊ वाजता ती चर्चच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसली. सोबत सात जण. आत गिटार चालू होती, बाहेर हे लोक बिनपेटीचे गात होते. मी आतल्या बाकावर होते. दुसऱ्या गीताला मला तिथे बसवेना. मी बाहेर आले. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त सरकून जागा केली. त्याच आठवड्यात मी कमिटीचा राजीनामा दिला.

आता एकतीस जण येतात. हॉल अजून मिळालेला नाही. मागच्या महिन्यात कमिटीचं पत्र आलं: व्हरांड्यात विनापरवानगी जमू नये. पत्र इंग्रजीत होतं. रविवारी सूचनांच्या वेळी आत्याने चष्मा लावला, ते ओळन् ओळ मराठीत करून सगळ्यांना वाचून दाखवलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं, आणि पुढच्या गीताचा नंबर सांगितला.