धरणावर पकडलेले ग्रीसचे प्रवासी

त्या सकाळची आठवण झाली की आजही मला आधी हसू फुटतं. नोकरीतल्या फार थोड्या प्रकरणांबद्दल मला असं म्हणता येईल. ते कापसाचे वाईट दिवस होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही ठाण्यात सकाळी टेलिफोन वाजला की ठाणे अंमलदाराचा चेहरा फोन उचलण्याआधीच उतरायचा. मी तेव्हा आर्णीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. नाव मी कुणाचंच सांगणार नाही, कारण ही सगळी माणसं अजून आपापल्या घरी सुखानं नांदत आहेत.

खबर आणली पानठेलेवाल्यानं. हा आमचा खबऱ्या भरवशाचा होता, पण बातमीला तिखटमीठ लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. हजेरी आटोपत होती तेवढ्यात तो मागच्या दारानं आला.

"साहेब, चाचाच्या गॅरेजात भिंतीवर नकाशा लावला हाय, समुद्राचा. बेटाइले लाल गोल मारले हाय. एक म्हातारा अन् त्याची बायको रोज येतात, अन् तिघं दार लोटून बोलत बसतात."

"काय बोलतात?"

"कप्तान कोन, किनाऱ्याले कवा लागाचं, मुक्काम कोनत्या बेटावर. काल तं तिघं धरनावर गेलते, दोर घेऊन. मले हे काई बराबर नाई दिसून राह्यलं."

चाचा म्हणजे गावात मोटारपंप आणि इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्री. त्यांच्या नावावर साधी अदखलपात्र नोंदही नव्हती. पण धरणांवर लक्ष ठेवा असा बिनतारी संदेश नुकताच आला होता, आणि असा संदेश हातात असताना धरणावर दोर घेऊन फिरणाऱ्याकडे काणाडोळा करणं ठाणेदाराला परवडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक जमादार आणि दोन शिपाई घेऊन जलाशयावर गेलो.

जे दिसलं ते असं. काठापासून थोड्या अंतरावर मासेमारांची एक होडी डुलत होती. चाचा वल्ही धरून बसले होते. साठीच्या घरातले एक काका कमरेला ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब दोरानं बांधून होडीच्या मधोमध उभे होते आणि दोन्ही हात पसरून तोल सांभाळत होते. त्यांच्या पायाशी नऊवारीतल्या काकू बसल्या होत्या. त्यांनी पेटता स्टोव्ह विटांच्या मध्ये घट्ट बसवला होता, आणि होडी कलली की त्या चहाचा गंज, म्हणजे पातेलं, चिमट्यानं उचलून धरायच्या. घातपात करणारे लोक चहा घेऊन येत नाहीत एवढं मला त्याच क्षणी कळलं. पण मग हे लोक करतात तरी काय, हे कळेना.

आम्ही हाक मारली. चाचांनी निमूटपणे होडी काठाला आणली. जमादारानं काकांना उतरायला हात दिला. काकांनी त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, आणि झटकन दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. पोलिसाला पाहून तोंड झाकणारा माणूस म्हणजे काय, हे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या महिन्यात शिकवतात. तिघांनाही ठाण्यात आणलं. दोर, ट्यूब, स्टोव्ह आणि गंज सोबत आणला. मुद्देमाल पाहून ठाणे अंमलदारानं मला विचारलं, "साहेब, लग्नाचं वऱ्हाड पकडलं का?"

चौकशी मी वेगवेगळी केली. जमादार जबाब लिहायला दाराजवळच्या टेबलाशी बसला. काकांना नाव विचारलं तर ते छताकडे पाहू लागले. धरणावर कशाला गेला होतात, तर म्हणे हवा खायले गेलतो. चाचांना विचारलं तर म्हणाले, "साहब, मछली पकडने." मासे धरायचं जाळं कुठं आहे विचारल्यावर ते हातावरचं तेल पुसू लागले. काकांचं नाव विचारलं तर म्हणाले, "वो उनसेच पूछो. मैंने जबान दी है."

शेवटी काकूंना आत बोलावलं. त्या निर्धास्त होत्या.

"बाई, तुमच्या मालकांचं नाव काय?"

"नवऱ्याचं नाव घेते का कोनी?"

"बरं, तुमचं सांगा. पूर्ण नाव."

"माह्यं पूर्न सांगितलं का त्यात ह्यांचंबी येते," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते जमनार नाई."

आमच्या भागातल्या त्या पिढीच्या बायका खरोखरच नवऱ्याचं नाव उच्चारत नसत, त्यामुळे कायद्याचा धाक दाखवूनही उपयोग नव्हता. तीन माणसं, तीन तऱ्हा, आणि काका-काकूंचं नाव कुणाच्याच तोंडून नाही. मी जरा वैतागलो. प्रतिबंधक कारवाईचा कागद पुढं ओढला आणि म्हणालो, "ठीक आहे, नाव न सांगणाऱ्याला आत बसवायची सोय कायद्यात आहे." त्यावर काकूंचा चेहरा पहिल्यांदा पडला. काकूंना तिथंच बसू देऊन काकांना पुन्हा समोर बसवलं तेव्हा तेही घाबरलेले दिसले, पण मला नव्हे.

माझे पहिले साहेब सांगायचे, प्रश्न विचारल्यावर माणसाच्या तोंडाकडे नाही, त्याची नजर कुठं पळते तिकडे पाहा. मी प्रश्न विचारला की काकांची नजर माझ्याकडे नाही, कोठडीकडे नाही, थेट जमादाराकडे जायची. मी जमादाराला म्हणालो, "जरा कोपऱ्यावरून चहा सांगून या. स्वतः जा." तो बाहेर पडला, आणि काकांनी खुर्ची पुढं ओढली.

"साहेब, मी हात जोडतो. तुम्ही मले आत टाका, पन त्या जमादाराले माह्यं नाव कळू देऊ नका. तो आमच्या इवायाचा पुतन्या हाय. इवायानं सांगितलंच होतं का पुतन्या तुमच्या ठान्यात बदलून आला म्हनून. पोराच्या लग्नात त्याले सुट्टी भेटली नवती, म्हनून तो मले ओयखत नाई. पन आडनाव अन् नाक दोन्ही डिट्टो इवायाचं."

व्याह्याला इकडे इवाई म्हणतात. मग सगळी हकिकत बाहेर आली.

काकांचा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. लग्न झालं आणि तो जहाजावर गेला, पुढे सून त्याच्याकडे गेली. तेव्हापासून काकूंनी मुलाला पाहिलं नव्हतं. घरी येण्याइतकी रजा त्याला मिळत नव्हती, आणि जी थोडी मिळत होती ती ग्रीसच्या बंदरात. म्हणून त्यानं ठरवलं, शिडाची एक बोट कप्तानासकट आठवडाभर भाड्यानं घ्यायची, यॉट म्हणतात तिला. त्यात आपले आईवडील आणि बायकोचे आईवडील बोलवायचे. दिवसा बेटाबेटांतून फिरायचं, मुक्काम बोटीवरच. मे महिना ठरला, कारण पुढे तिकडे उत्तरेचा वारा पिसाळतो आणि इकडे पेरणी सुरू होते. अथेन्सजवळच्या बंदरातून निघून एजिना, पोरोस, हायड्रा अशी जवळजवळची बेटं घ्यायची, म्हणजे म्हाताऱ्यांना एका दमात लांब पल्ला पडणार नाही. पेट्या नकोत, मऊ थैल्या आणा. चपला काढून चढा. मुलगा फोनवर सांगायचा आणि चाचा ते नकाशावर मांडायचे, कारण यंत्र आणि पाणी या दोन गोष्टींतलं गावात तेच जाणते होते.

"मग लपवायचं काय त्यात?" मी विचारलं.

"दोन गोष्टी हायत साहेब. एक म्हंजे गावात लोकायच्या घरी चूल कशी पेटते ते पाह्यता नं तुम्ही? अशात आपन समुद्रात हवा खायले चाललो हे कोन्या तोंडानं सांगू? अन् दुसरं..." काकूंनी वाक्य पूर्ण केलं.

"दुसरं म्हंजे ह्यांले पान्याचं भेव वाटते. मलेभी वाटते. अन् इवाई कळंबचे, फोनवर सांगतात का आमी तं लहानपनी विहिरीत उड्या मारत होतो. आता बोटीत आमी ओकाऱ्या काढत बसलो अन् इहीनबाई चहा करून देऊ लागल्या, तं जन्मभराची शोभा हाय का नाई?"

मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांपुढे कमी पडायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित कायदा भारतीय दंड संहितेपेक्षा कडक आहे. काकांचं नाव ऐकलं आणि मला आठवलं, दोघांच्या पासपोर्टची पडताळणी माझ्याच टेबलावर पडलेली होती. मी प्रतिबंधक कारवाई केली असती तर तो कागद प्रतिकूल शेऱ्यासह परत गेला असता, आणि मे महिना निघून गेला असता. कारवाईचा तो कोरा कागद मी तसाच खणात सरकवला.

पण पोलिसानं ऐकलेलं तपासून पाहायचं असतं. कळंबला बंदोबस्ताच्या निमित्तानं जाणं झालं तेव्हा चिंतामणीचं दर्शन घेऊन मी व्याह्यांच्या घरी डोकावलो. धरणाचा विषय काढला नाही, काका-काकूंच्या पासपोर्ट पडताळणीचं निमित्त सांगितलं. व्याही बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसले होते, पण पाय जमिनीला घट्ट रोवून.

"जाऊन राह्यले मग ग्रीसला?" मी विचारलं.

"पाहू जी. माह्यी कंबर धरून राह्यली हाय. बहुतेक जमनार नाई."

त्यांच्या पत्नीनं चहाचा कप जरा जोरातच ठेवला. "कंबर नाई काई नाई साहेब. पान्याले भेतात. विहिरीवरून पोहरा काढाचा तं गडी लागते. माह्या पोरीले पाह्यल्याले किती दिवस झाले, अन् हे कंबरेचं सोंग."

व्याही ओशाळले, आणि त्यांनीही मला तेच सांगितलं जे काकांनी सांगितलं होतं: आमच्या इवायाले कळू देऊ नका.

परतताना गाडीत मला काळजी वाटू लागली. व्याही आले नाहीत तर काका-काकू एकटे जाणार नाहीत, सुनेच्या आईवडिलांना सोडून गेले असं लोक म्हणतील. म्हणजे बोट रद्द, आणि काकूंची मुलाची भेट पुन्हा कधी, कोण जाणे. दोन्ही घरांना मी शब्द दिला होता. सांगता येत नव्हतं. पण दोन साक्षीदारांच्या जबाबात विसंगती असली की त्यांना समोरासमोर बसवायचा अधिकार तपास अधिकाऱ्याला असतो, तो मी वापरला.

पडताळणीसाठी म्हणून चौघांना एकाच वेळी ठाण्यात बोलावलं. व्याही-व्याही बाकाच्या दोन टोकांना बसले. रामराम झाला, पाऊसपाणी झालं, कंबर झाली. मी कागद पाहत असल्याचं नाटक करत होतो. जमादार आपल्या चुलत्याला इथं पाहून चक्रावला होता.

"आमाले तं काई वाटत नाई जी पान्याचं," काका म्हणाले.

"आमाले तं सवयच हाय," व्याही म्हणाले. "फक्त कंबर."

काकू उठल्या. त्या विहिणीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सरळ बोलल्या. "इहीनबाई, मले लय भेव वाटते. धरनावर जाऊन चहा कराले शिकून राह्यली होती मी, पोलिसांनी पकडून आनलं. ह्यांले तर ट्यूब लागते. पन मले माह्या पोराले पाह्याचं हाय. तुम्ही नाई आले तं आमचंभी जानं होत नाई."

मग विहीणबाई हसू लागल्या, इतक्या की पदर तोंडाला लावावा लागला. व्याह्यांनी एकदा पुतण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाकावरून सरकत सरकत काकांच्या शेजारी आले.

"इवाई, ट्यूब एकच हाय का दोन हाय?"

त्यानंतर चाचांची होडी चौघांना घेऊन निघू लागली. एकदा जमादारही बंदोबस्ताला म्हणून गणवेशात चढला. सगळ्यात आधी ओकारी त्यालाच झाली, आणि व्याह्यांना इतका आनंद झाला की कंबर कायमची बरी झाली. मी पडताळणीवर "प्रतिकूल काही नाही" असा शेरा मारला.

त्या वर्षांत आम्ही ठाण्यात बसून लोकांचं दुःख हुडकायचो, कारण लोक ते लपवत आणि मग उशीर होई. पण अशा दिवसांत माणसं आपला आनंदही तितक्याच कसोशीनं दडवतात, शेजाऱ्याला तो टोचू नये म्हणून, हे मला या प्रकरणानं शिकवलं. नंतरच्या नोकरीत कुणी विनाकारण तोंड झाकलं तर मी हातकडीआधी चहा मागवत असे.

पेरणीच्या सुमारास काका-काकू ठाण्यात येऊन गेले. काका बेटांबद्दल भरभरून बोलले, निळ्या पाण्याबद्दल, दगडी बंदरांबद्दल, कप्तानाच्या मिशीबद्दल. काकू ऐकत बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "काकू, तुम्हाला समुद्र कसा वाटला?"

"समुद्र कुठी पाह्यला जी मी," त्या म्हणाल्या. "मी तं आठवडाभर पोरालेच पाह्यत होती."