मुलुंडमधले पोकरचे अजिंक्यपद

आमच्या सोसायटीतले जुने लोक भेटले की अजूनही त्या स्पर्धेची आठवण काढतात आणि म्हणतात, "किती सुसंस्कृत वातावरण होतं." कुणी कुणाला टाकून बोलले नाही, कुणाचा आवाज चढला नाही, चहा वेळेवर आला. हे सगळे खरे आहे. माझा संताप नेमका त्यावरच आहे. आवाज न चढवता माणसाच्या हक्काचे काढून घेता येते, हे मी पंचविशीत, मुलुंडमध्ये पाहिले. नुसते पाहिले असते तरी बरे झाले असते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. सोसायटीच्या तळमजल्यावर एक सभागृह होते. तिथल्या करमणूक मंडळाचा मी चिटणीस होतो. अक्षर चांगले आणि स्वभाव मऊ, एवढ्या दोन गुणांवर मला हे पद मिळाले होते. रविवारी दुपारी तिथे पत्त्यांचा डाव पडे. रमी बहुतेकांना येई, ब्रिज येत असल्याचे बहुतेक जण सांगत. पोकर मात्र आमच्याकडे आला तो एका मासिकातून. पवईच्या अभियांत्रिकी संस्थेत शिकवणाऱ्या माझ्या मित्राकडे अमेरिकेहून मासिके येत. त्यातल्या एकात पोकरच्या अजिंक्यपदाच्या इतिहासावर लांबलचक लेख होता. मी तो रविवारी चहाच्या वेळी थोडा थोडा मराठीत वाचून दाखवू लागलो.

लेख रंजक होता. अमेरिकेच्या दक्षिण भागात म्हणे असे खेळाडू होते, ज्यांना घर असे नव्हतेच. मोटारीतून ते एका गावाहून दुसऱ्या गावाला जात, हॉटेलच्या मागच्या खोलीत नाही तर कुणाच्या कोठारात डाव मांडत, आणि पोलिसांपासून, दरोडेखोरांपासून आणि हरलेल्या यजमानापासून, या क्रमाने, जीव वाचवत पुढच्या गावी जात. दोन जुने खेळाडू महिनोन्महिने एकमेकांसमोर बसून खेळले आणि बघ्यांची गर्दी हटेना, अशी एक दंतकथाही त्यात होती. शेवटी एका जुगारघराच्या मालकाने अशा नामवंतांना एकत्र बोलावले आणि जगातला सर्वोत्तम कोण ते ठरवायचे म्हटले. आमच्या सभागृहातले इन्शुरन्सवाले, बँकवाले आणि शाळामास्तर हे ऐकताना पुढे सरकून बसत. आपणही अशी स्पर्धा घ्यावी हे अध्यक्षांच्या मनात आले. ते रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते, आणि त्यांच्या मनात आले की ते ठरलेच असे आम्ही धरून चालत असू.

पैसे लावायचे नाहीत, चिंचोके लावायचे. आठ खेळाडू, तीन रविवार. प्रत्येकाला पाच पत्ते, हवे तेवढे एकदा बदलून घ्यायचे आणि मग बोली लावायची. हातात काही नसताना चेहरा स्थिर ठेवून समोरच्याला पत्ते टाकायला लावता येते, ही या खेळातली खरी गंमत. विजेत्याचे नाव सभागृहातल्या लाकडी फळीवर रंगवायचे होते. कॅरम आणि टेबलटेनिसच्या विजेत्यांची नावे तिथे आधीच होती.

सात जण जमले, आठवा मिळेना. तेव्हा कुणीतरी म्हणाले, "आपल्या पंपवाल्याला येतो म्हणे पोकर."

आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप सांभाळणारे गृहस्थ चाळिशीचे होते. भांडुपच्या एका कारखान्यात ते फिटर होते. सकाळ-संध्याकाळ पंप चालू-बंद करण्याचे काम त्यांनी आमच्याकडे जोडकाम म्हणून घेतले होते. मराठवाड्यातले बौद्ध कुटुंब, सोसायटीच्या मागच्या चाळीत राहणारे. तरुणपणी ते गोदीत जहाजांच्या दुरुस्तीवर होते आणि तिथे परदेशी खलाशांबरोबर जेवणाच्या सुट्टीत पोकर खेळले होते. आम्ही सगळे त्यांना अरे-तुरे करत असू. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होतो, मीही करत असे. आज लिहिताना त्यांच्यासाठी 'ते' हा शब्द सहज येतो आहे, याचीही मला लाज वाटते, कारण तेव्हा तो इतकाच सहज यायला हवा होता.

पहिल्या रविवारी ते धुतलेला शर्ट घालून आले आणि दाराशी चपला काढून उभे राहिले. आम्ही सात जण सतरंजीवर गोल करून बसलो होतो. ते बसायला वाकणार, तोच अध्यक्ष लगबगीने म्हणाले, "अरे, खाली कशाला? खुर्ची द्या रे त्याला. दिवसभर उभ्याने काम करतो बिचारा."

मी खुर्ची दिली. घडीची, लोखंडी. सतरंजीच्या कडेबाहेर, फरशीवर ती मांडली. त्या सतरंजीवर श्रावणात सत्यनारायण होत असे आणि चैत्रात बायकांचे हळदीकुंकू. हे कारण कुणी उच्चारले नाही, उच्चारायची गरजही नव्हती. एखाद्याला दूर ठेवायचे आणि वर त्याने आभार मानावेत अशी व्यवस्था करायची, ही कला आमच्यात किती मुरली होती! त्यांनी खुर्चीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि ते बसले. पत्ते उचलायला आणि चिंचोके टाकायला त्यांना दर वेळी गुडघ्यांतून वाकावे लागे. तीन रविवार ते असेच वाकत राहिले.

आणि जिंकत राहिले. त्यांचा खेळ पाहताना मला लेखातल्या त्या फिरत्या खेळाडूंची ओळख पटली. ते फार थोडे डाव लढत. बहुतेक वेळा पत्ते पाहून शांतपणे खाली ठेवत. मग एखाद्या डावात भरपूर चिंचोके पुढे सारत आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे नव्हे, त्याच्या हातांकडे पाहत. "तोंड सगळेच सांभाळतात, साहेब," ते मला एकदा म्हणाले, "बोटं कुणी सांभाळत नाही." दुसऱ्या रविवारी जाताना ते फळीपाशी थांबले. कॅरमच्या विजेत्यांची नावे त्यांनी वाचली आणि मला विचारले, "यावर आडनावासकट लिहितात का?"

"हो, पूर्ण नाव."

"मुलगी यंदा अकरावीला आहे," ते म्हणाले. "तिला दाखवीन म्हणतो. या बिल्डिंगमधल्या दोन मुली तिच्या वर्गात आहेत."

त्यांना हवे होते ते एवढेच होते. आणि ते मला आधीपासून ठाऊक होते, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

तिसऱ्या रविवारी शेवटचा डाव संपला तेव्हा त्यांच्या पायाशी चिंचोक्यांचा ढीग होता. आमच्या सातही जणांचे मिळून तेवढे नव्हते. दुसऱ्या क्रमांकावर अध्यक्षांचे मेहुणे होते. हे गृहस्थ ब्रिजवर व्याख्यान देत आणि पोकरला 'त्यातल्या त्यात सोपा' म्हणत. मग मेहुणे हसत म्हणाले, "वरून सगळं दिसतं ना, राव. आपण खाली पत्ते उघडायचे आणि हा वर गच्चीत बसल्यासारखा."

एकदोघे हसले. त्यांना खुर्चीवर आम्ही बसवले होते. त्यांनी ती मागितली नव्हती. आता तीच खुर्ची त्यांच्यावरचा आरोप झाली, आणि हे कुणालाच विचित्र वाटले नाही.

ते मात्र चिडले नाहीत. खुर्चीवरून उठले. "तसं वाटत असेल तर मी खाली बसतो," ते म्हणाले. "चिंचोके परत सारखे वाटा. आत्ता खेळू, समोरासमोर."

याहून सरळ उत्तर असू शकत नव्हते. सतरंजीवर जागाही होती, माझ्याच शेजारी. अध्यक्षांनी त्या जागेकडे पाहिले आणि दोन्ही हात हलवले. "छे छे, तू बस आरामात. संशय कोण घेतंय? उगीच गंमत केली त्याने." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे, त्या लेखात विजेता कसा ठरवला होता? वाच बघू पुढचं."

मी मासिक उघडले. पुढचा परिच्छेद असा होता की त्या पहिल्या स्पर्धेत विजेता खेळाडूंच्या मताने निवडला गेला. आधी म्हणे प्रत्येकाने स्वतःलाच मत दिले. मग दुसरा चांगला कोण असे विचारल्यावर निकाल लागला. लोक हसले. अध्यक्षांचा चेहरा उजळला. "वा. म्हणजे खुद्द अमेरिकेत मतदान. मग आपणही तसंच करू. लोकशाही आहे."

माझी नजर तोवर खालच्या ओळींवर गेली होती. तिथे लिहिले होते की ही पद्धत एका वर्षातच सोडून दिली गेली. पुढच्या वर्षापासून नियम ठरला, की एकाकडे सगळ्यांचे सगळे येईपर्यंत खेळायचे. पत्त्यांचा निकाल पत्त्यांनी लावायचा. चारच ओळी होत्या. त्या वाचायला मला अर्धे मिनिट लागले असते.

"पुढे काय?" एकाने विचारले.

"पुढे त्या खेळाडूंची माहिती आहे," मी म्हणालो आणि मासिक मिटले.

मला कुणी धमकावले नव्हते. अध्यक्षांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते. मी का थांबलो याचा विचार मी तीस वर्षे करतो आहे आणि दर वेळी भित्रेपणापाशी येऊन निसटू पाहतो. भित्रेपणा म्हटले की त्यात थोडी कीव असते. खरे असे आहे की सभागृहात त्या क्षणी सगळे सुखावले होते आणि त्या सुखात मला माझी जागा हवी होती.

आठ चिठ्ठ्या झाल्या. त्या मीच उघडल्या. सातांवर मेहुण्यांचे नाव होते. त्यांतली एक माझी होती आणि एक खुद्द मेहुण्यांची. आठवी चिठ्ठी पेन्सिलीने, दाबून लिहिलेल्या अक्षरात होती आणि तिच्यावर माझे नाव होते. जिंकूनही स्वतःला मत न देण्याचा सभ्यपणा ज्या माणसाने पाळला, तो एकटाच खुर्चीवर बसला होता. मेहुण्यांना टाळ्या मिळाल्या. खुर्चीवरून त्यांनीही दोन टाळ्या वाजवल्या, मग पंपाची वेळ झाली म्हणून ते गेले.

पंधरा दिवसांनी फळीवर नाव रंगवून झाले. त्या संध्याकाळी मी त्यांना पंपाच्या खोलीत गाठले आणि त्या चार ओळींबद्दल सगळे सांगून टाकले. मला वाटत होते, ते रागावतील नाही तर माफ करतील. दोन्हींपैकी काहीही चालले असते, कारण दोन्हींनी मी मोकळा होणार होतो. त्यांनी कापडाने हात पुसले.

"हे मला का सांगताय?" ते म्हणाले. "मी जिंकलो हे मला माहीतच आहे. त्यांना सांगा ना."

"सांगतो. सभेत सांगतो."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

पुढच्या मासिक सभेत मी उभा राहिलो आणि सांगितले. माझा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण ऐकू गेला. मेहुणे म्हणाले, "आता नावही रंगवून झालं, यार. काय लहान पोरांसारखं." एक मास्तर म्हणाले, मासिकातले नियम आपल्याला बंधनकारक थोडेच आहेत. मतदानाच्या दिवशी ते बंधनकारक होते, हे मी बोललो नाही. अध्यक्षांनी विचारले, निकाल कायम ठेवावा असे कुणाला वाटते. हात वर झाले. ठेवू नये असे कुणाला वाटते? मी हात वर केला, खांद्याच्या जरा वर.

"बरं," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "तुझी भावना कळली. आता इतिवृत्तात वाद नको. लिही, निकाल एकमताने कायम."

आणि मी लिहिले. चिटणीस मीच होतो. ज्या उजव्या हाताने विरोध केला होता, त्याच हाताने मी 'एकमताने' हा शब्द लिहिला आणि खाली सही केली. अक्षर चांगले आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दाराशी उभे होते. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. उत्तर द्यायला त्यांनी मला पुरेसा वेळ दिला, हे मला कबूल केले पाहिजे. मग त्यांनी खिशातून पंपाच्या खोलीची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "दुसरा माणूस बघा," एवढेच म्हणाले. दोन आठवड्यांच्या कामाचे राहिलेले पैसेही त्यांनी कधी मागितले नाहीत. चाळीतून जाता-येता ते मला दिसत. मी त्यांच्याकडे पाहिले की ते मान हलवत, आणि तेवढी ओळख त्यांनी शेवटपर्यंत ठेवली.

संध्याकाळी मी किल्ली घेऊन अध्यक्षांकडे गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते. किल्ली पाहून त्यांना मनापासून आश्चर्य वाटले. "एवढ्याशा खेळासाठी?" ते म्हणाले. "चिंचोक्यांच्या? किती राग असतो बघ या लोकांच्या डोक्यात."

एवढ्याशा खेळासाठी आपण किती खोटे बोललो, काका. एवढ्याशा खेळात त्यांना खाली बसू दिले नाही. एवढ्याशा फळीवर एक आडनाव लिहायला आपला हात धजला नाही. हे सगळे मला तेव्हाच सुचले होते, शब्द न् शब्द.

"उद्यापर्यंत नवा पंपवाला बघतो," मी म्हणालो.