तेवीस ओळी

ये गं, अशी जवळ सरक. कागदावरूनच बोलवतेय, कारण दिवाळी झाली, संक्रांत झाली, तुझा पाय काही इकडं वळला न्हाई. आणि वर पत्रात विचारतेस, "आजोबा भांडखोर होते का?" कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात? तुझे आजोबा म्हणजे माझे थोरले दीर, आम्ही भावजी म्हणायचो. त्यांच्याइतका गुपचूप बसणारा माणूस अख्ख्या परभणीत नव्हता. नुसतं बसून त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पण लोकांची सवय गेली न्हाई. कचेरी दिसली की पायरीखाली वहाणा काढायच्या, हातात दरखास्त, म्हणजे अर्ज, धरायची आणि उन्हात उभं राहायचं. काही वर्षांनी गावात सरकारी पैशावर एक कॉलेज निघालं. त्याचं मंडळ, मंडळाची बैठक, आणि बैठकीला कुणीही येऊन बसावं असा नियम. बाहेर तशी पाटीसुद्धा लावलेली. लोकांनी पाटी वाचली, वहाणा काढल्या आणि पायरीवरच बसले. आत गेले ते एकटे भावजी, करकर वाजणाऱ्या वहाणांसकट.

"काय काम आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"काम न्हाई. ऐकायलोय."

"अर्ज कुठाय?"

"अर्ज बी न्हाई. तुमी चालू द्या."

बिनकामाचा माणूस समोर बसलाय म्हटल्यावर कुणाला धड बोलता येईना. चहा पाजला, पान दिलं. भावजींनी चहा घेतला, पान खाल्लं आणि बसूनच राहिले. पुढच्या खेपेला एवढंच विचारलं, "मागं छपराचं बोलला होता, कुठवर आलं?" झालं. भावजी विचारतील या धास्तीनं छप्पर चढलं, विहीर खणली, बाक आले. शेवटी मंडळानं आपल्या परीनं ओळखलं की या माणसाच्या घरी कुणीतरी बिनानोकरीचं असणार. होतंच. तुझे धाकटे आजोबा, आमचे हे. त्यांना कारकून म्हणून घेतलं. भावजींनी हात जोडले, आणि पुढच्या बैठकीला पुन्हा त्याच खुर्चीत.

आता त्यांची एक अडचण सांगते. भावजी शिकले सगळे उर्दूत. नव्या राज्यात कागद मराठीत आले आणि एवढा शिकलेला माणूस अडाणी झाला. कॉलेजचं सालाचं अंदाजपत्रक बैठकीआधी आठ दिवस फळ्यावर लागायचं. भावजी त्याच्यापुढं उभे राहून अक्षर न् अक्षर चित्रासारखं कागदावर काढून आणायचे. शाईचा डाग असला तर डागही काढायचे. एकदा मूळ कागदावर माशी चिरडलेली होती, तीही आली, सगळ्या पायांसकट.

वाचायचे मी. शाळा मी पाहिली न्हाई, वाण्याच्या पुड्यांवर अक्षरं शिकले. पण थोरल्या दिरासमोर यायचं नसतं, बोलायचं तर न्हाईच. म्हणून मी दाराआड, ते ओसरीवर, आणि मधला खांब आमचा मध्यस्थ. "वाचा म्हणावं," भावजी खांबाला सांगायचे. तुझी आजी चुलीपाशी हसून हसून लोळायची.

त्या साली कागद हातात आला आणि एका ओळीवर माझं बोट थांबलं. पालम, सोनपेठकडची पोरं तवा देवळात निजून शिकायची. त्यांच्यासाठी वसतिगृह बांधायचं ठरलं होतं. ते खोडून तिथं पाहुण्यांचा बंगला आला होता. आठ दिवसांमागंच यांच्या साहेबानं यांना बजावलं होतं, "भावाला आवरा, नाहीतर तुमची खुर्ची गेली समजा." घरात तीन लेकरं, पगार तेवढा एकच.

मी ती ओळ गाळली. आवाजसुद्धा हलू दिला न्हाई.

भावजींनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "मी तेवीस ओळी काढल्यात. कानावर बावीसच आल्या." या खेपेला ते खांबाला बोलत नव्हते. "बाई, दार उघडा. समोर बसून वाचा."

बसले. पदर ओढून, मान खाली घालून ती ओळ वाचली, साहेबाचं बोलणंही सांगितलं. ते म्हणाले, "चूल तुमची हाय. तुमी सांगा, विचारू का नगं?"

वाचलेलं आणि साहेबाचं सोडलं, तर त्यांच्याशी मी बोललेले माझे स्वतःचे पहिले शब्द ते. "नका विचारू."

बैठकीला गेले. यांनी नंतर सांगितलं, अध्यक्षांनी स्वतःच छेडलं, "आज काही विचारायचं नाही का?" भावजी म्हणाले, "न्हाई. ऐकायलोय." करकर मात्र कुणाला ऐकू आली नव्हती. वहाणा बाहेर पायरीखाली काढलेल्या होत्या.

बंगला झाला. देवळातली पोरं एकेक करून गावी परतली. भावजींनी मला कधी बोल लावला न्हाई, आणि पुन्हा कधी दाराआड उभंही केलं न्हाई. कागद आला की म्हणायचे, "बाई, या, बसा." त्यानंच जास्त लागायचं गं.

ते सगळे कागद माझ्या पेटीत आहेत, माशीसकट. माझे डोळे आता गेल्यात जमा, हे पत्रही शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलंय. तू ये आणि मला वाचून दाखव, एकही ओळ न गाळता. लवकर ये. दार नुसतं लोटलेलं असतं, कडी मी घालत न्हाई.